आधी पाणी, मग कणीस

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी चुलीवर पाणी ठेवलं आणि काका कणीस काढायला घरामागच्या परड्यात गेले. पाणी उकळलं. काका आले नाहीत.

ते माझे काका नव्हेत, मी त्यांची भाडेकरू. मालवणपासून आत, खाडीच्या अंगाला असलेल्या या गावात मी शाळेवर रुजू झाले तेव्हा गावात परक्याला खोली देण्याची रीत नव्हती. काकांनी पडवीला लागून असलेल्या दोन खोल्या दिल्या, त्याही एका अटीवर. मक्याला तुरे आले की मागच्या बाजूला दोरीवर साड्या आणि चादरी वाळत घालायच्या नाहीत, वारा अडतो. मला तो विनोद वाटला. पहिल्याच पावसाळ्यात मी दोरीवर चादर टाकली आणि शाळेतून येऊन पाहते तर ती नीट घडी करून माझ्या उंबऱ्यावर ठेवलेली, ओलीच. चादर मी खोलीतच वाळवली.

उमेदीची सगळी वर्षं ते मालवाहू जहाजांवर इंजिनाच्या खोलीत होते. परत आल्यावर त्यांनी समुद्राकडे पाठ फिरवली. हाकेच्या अंतरावर असलेल्या खाडीपर्यंतसुद्धा ते फिरायला जात नसत. जहाजावरून त्यांनी तीनच गोष्टी घरी आणल्या होत्या, अंगभर येणारा निळा डगला, ट्रंकभर मोजे आणि गोड मक्याचं वेड. कुठल्याशा बंदरात एका म्हातारीच्या गाडीवर त्यांनी ते कणीस पहिल्यांदा खाल्लं होतं. बंदर दर वेळी वेगळं असायचं, म्हातारी मात्र तीच. तिने त्यांना बाकावर बसवून ठेवलं, पाणी खदखदायला लागेपर्यंत हात बांधून उभी राहिली आणि मगच मागच्या मळ्यात जाऊन कणीस तोडून आणलं.

"तोडल्यापासून तेची साखर मराक लागता, बाई," ते मला सांगत. "तुमी रस्त्यात थांबून गजाली करीत बसलात, तर घराकडे पावतासर नुसतो मको उरता."

हा त्या घराचा कायदा होता. एकदा माझी आई मिरजेहून आली होती. तिला कणीस खायला घालायचं काकांनी ठरवलं. पावसाची झड लागलेली, लाकडं ओली. गॅसवर कणीस उकडायचं काकांना मान्य नव्हतं, कारण म्हातारीकडे गॅस नव्हता. काकी फुंकणी घेऊन चुलीशी आणि काका मक्यात, ठरवलेल्या कणसावर हात ठेवून उभे. दर थोड्या वेळाने परड्यातून आवाज यायचा, "उकळला गो?" आणि चुलीपासून उत्तर जायचं, "नाय हो!" आई पाटावर बसून हे ऐकत होती. शेवटी काकींनी "उकळला!" म्हटलं आणि तो म्हातारा माणूस चिखलातून कणसं छातीशी धरून धावत आला. आईने एक घास घेतला आणि पाण्यात साखर घातली आहे का, असं विचारलं. काका त्यानंतरचा आठवडाभर खुशीत होते. भेटेल त्याला सांगत की घाटावरच्या बाईंनी विचारलं.

गावात बायका गावठी मको लावतात तो कुंपणाच्या कडेने, एका ओळीत. काकांनी मात्र चौकोन आखला होता. मक्याचं परागीभवन वाऱ्यावर होतं, ओळ असली की वारा सगळं पीठ भलतीकडे घेऊन जातो, चौकोनात ते एकमेकांवर पडतं. पराग म्हणायचं सोडून ते पीठच म्हणत. कणसाच्या टोकाला येणारा एकेक केस आतल्या एकेका दाण्याचा असतो, आणि ज्या केसाला पीठ लागत नाही तिथे दाणा भरत नाही. त्यामुळे पाऊस थांबला की सकाळी ते तुरे हलक्या हाताने केसांवर झटकत फिरायचे. अर्धवट भरलेल्या कणसाला ते बोळका म्हणत आणि त्याची थट्टा करत ते स्वतःच खात. चौकोनाला चारी बाजूंनी चर होते, कारण मक्याला पाणी हवं पण पाय पाण्यात नकोत. वाऱ्याने ताटं लोळू नयेत म्हणून बुंध्याशी मातीची भर घातलेली. परड्याची एक बाजू पोर्ट आणि दुसरी स्टारबोर्ड. "पोर्टाक चर तुंबलो, बघ गो," असं ओरडले की काकी जागची न हलता म्हणायच्या, "माका डावा-उजवा सांगा, मी काय बोटीर चढाक नाय हां."

पोपटांपासून वाचवायला ते भरलेल्या कणसांवर मोजे चढवत. त्याच ट्रंकेतले जाड लोकरीचे मोजे. श्रावणात परड्याकडे पाहिलं की हिरव्या ताटांवर करडे पाय लटकल्यासारखे दिसायचे. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून हसायचे. काका त्यांना हात करायचे.

परड्याच्या एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे हद्दीची भिंत, होता आणि पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ राहत असे. दोघं एकमेकांशी बोलत नसत. कारण होता फणस. काका जहाजावर असताना, एका वादळी पावसाळ्यात, धाकट्याने हद्दीवरचा फणस तोडून घेतला. तो घरावर झुकला होता असं त्याचं म्हणणं. काका सुट्टीवर आले, सकाळी स्वयंपाकघरात चहाला बसले आणि त्यांनी काकींना विचारलं, इथे ऊन कुठून आलं? मग बाहेर जाऊन त्यांनी खुंट पाहिला. तो फणस त्यांच्या वडिलांनी लावलेला होता. मला विचारायला एक पत्र टाकता आलं नसतं का, एवढं ते काकींना म्हणाले आणि त्या दिवसापासून धाकट्याशी बोलायचे थांबले. धाकटाही तसाच. घर वाचवलं त्याचं कौतुक नाही आणि वर हा ताठा, म्हणून त्यानेही तोंड बंद केलं.

गंमत अशी की मका वाढला तो त्या फणसाच्या जागेवर. परड्यात बाकी सगळीकडे माडांची आणि पोफळींची सावली. दिवसभर ऊन पडेल असा तेवढाच तुकडा होता, फणस गेल्यामुळे मोकळा झालेला. चौकोनाच्या मधोमध खुंट होता आणि दमले की काका त्यावर बसत. हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण ते कधी तसं म्हणाले नाहीत.

पहिल्या वर्षीची कणसं सोलली तेव्हा पिवळ्या दाण्यांत मधेमधे पांढरे, टणक दाणे निघाले. धाकट्याने गडग्याला लागून गावठी मको लावला होता. दोन्हीकडे तुरे एका वेळी आले आणि वाऱ्याने पलीकडचं पीठ अलीकडे आणून टाकलं. तो गावठी मको त्यांच्या आईने मसुऱ्याच्या आपल्या माहेरून आणलेला. धाकट्याकडे त्याची कणसं दर वर्षी चुलीवर धुरात टांगलेली असत आणि मिरगाला त्यातलंच बी जमिनीत जात असे.

भांडायचं तर बोलायला हवं, आणि बोलायचं तर नव्हतं. काका दोन दिवस परड्यात येरझारा घालत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी गडग्याकडे तोंड करून, हात जोडून त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. इकडे कुठलंही कार्य असो, देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतात आणि भोवतीची माणसं प्रत्येक मागण्यानंतर 'व्हय म्हाराजा' म्हणतात.

"बा देवा म्हाराजा! गडग्याच्या पलीकडे जो कोण ऱ्हवता, तेचो मको माझ्या मक्यात शिरता. माझी कणसां बिघाडली. तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

आत भाकरी थापणाऱ्या काकींच्या तोंडून सवयीने "व्हय म्हाराजा" निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी गडग्यापलीकडून उत्तर आलं, तेही देवालाच.

"बा देवा म्हाराजा! वाऱ्याक गडगो दिसणा नाय. हो आयेन म्हायेरसून हाडलेलो मको. कोण भायरसून साहेबाचो मको घेवन इलो, तेनीच काय ता बघूचा. आणि देवा म्हाराजा, हंय माणसाच्या पायात मोजे नाय आणि तेच्या मक्याक मोजे! तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

काका तेव्हा मक्यात कणसांवर मोजे चढवत होते. लहानपणापासून गाऱ्हाण्याला जे उत्तर द्यायचं ते त्यांच्या तोंडून गेलंच, "व्हय म्हाराजा!" आणि मग आपण काय म्हणालो ते लक्षात येऊन ते तसेच उभे राहिले. पलीकडे धाकटा हसल्याचा आवाज मी पडवीतून ऐकला. हे सगळं मी आल्याच्या पहिल्याच पावसाळ्यातलं.

तेव्हापासून हा रिवाज पडला. त्या दोघांचं बोलणं देवामार्फत चालू झालं. दोघांनी आपला मका पुढेमागे पेरायचा, म्हणजे तुरे एका वेळी येणार नाहीत, हे गाऱ्हाण्यातूनच ठरलं. विहिरीच्या पंपाची दुरुस्ती ठरली. धाकट्याच्या मुलीचं लग्न जुळलं तेही काकांना गडग्यावरून, देवाला सांगितलेलं ऐकायला मिळालं. एकाने गाऱ्हाणं घातलं की दुसऱ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याचा अर्थ मान्य केलं असा नव्हता, ऐकलं एवढाच होता. राग आला असेल तर 'व्हय' अडवून धरायचा. कधी एक दिवस, कधी दोन. काकी म्हणायच्या, "फुगले. आता परवा व्हय म्हणतले." आणि ते परवा म्हणायचे.

एका गोष्टीला मात्र धाकटा कधी 'व्हय' म्हणाला नाही. गणपती मूळ घरात, म्हणजे काकांकडे, दोघांचा एकच. बोलणं नसलं तरी चतुर्थीला धाकटा सहकुटुंब यायचा आणि गणपतीच्या वरची माटवी, म्हणजे फळापानांची टांगती चौकट, तोच बांधायचा. आंब्याचे टहाळे, नारळ, सुपारीचे घड, काकड्या, कवंडळं, आणि मधोमध आईच्या मक्याची कणसं. आपलं एक कणीस त्या माटवीला लागावं, आईच्या कणसांच्या शेजारी, एवढंच काकांना हवं होतं. दर श्रावणात ते तसं गाऱ्हाणं घालत आणि गडग्यापलीकडे शांतता पसरे. एका वर्षी त्यांनी न विचारता कणीस बांधलं. धाकट्याने ते सोडवून फळांच्या ताटात ठेवलं. काकांनी परत बांधलं. आरती होईपर्यंत ते कणीस वर-खाली होत राहिलं आणि दोघांपैकी कोणी कोणाकडे पाहिलं नाही. माटवीला बाहेरून विकत आणलेलं बी चालत नाही, असं धाकट्याचं म्हणणं होतं. ते त्याने काकींना सांगितलं आणि काकींनी काकांना.

काका त्यावर एकदाच मला म्हणाले, आणि अशा वेळी ते कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलत, "बाई, मी बाहेरून आलेला नाही. मी फक्त बाहेर होतो."

शेवटच्या वर्षी मिरगाच्या तोंडावर धाकटा पाणंदीत घसरला आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला. पेरणीचे दिवस चालले होते. एका सकाळी काकांनी निळा डगला चढवला, गडगा जिथे ढासळला होता तिथून पलीकडे गेले, धाकट्याच्या चुलीवरची कणसं त्याच्या बायकोकडून मागून घेतली आणि आईचा मको पेरून आले. चौकोनात नाही, आईसारखा कडेने, एका ओळीत. धाकटा पडवीत पाय पसरून बसून पाहत होता. काकांचा स्वतःचा मका त्यानंतर जमिनीत गेला, दोन खेपांत, म्हणजे दुसऱ्या खेपेची कणसं चतुर्थीपर्यंत पुरतील.

त्या वर्षी अधिक महिना होता, सण उशिरा आले, म्हणून नागपंचमीला पहिल्या खेपेची कणसं तयार झाली होती. केस तपकिरी झाले होते, नखाने दाणा दाबला की दूध येत होतं. पण नागपंचमीला काही कापायचं-तोडायचं नसतं. काकींनी त्यांना परड्यात जाऊ दिलं नाही. ते दिवसभर घरात फेऱ्या मारत राहिले आणि साखर मरते, साखर मरते असं म्हणत राहिले. ताटावर असताना ती मरत नाही हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस भुरभुर होता. शाळेला वेळ होता. मी पडवीत वह्या तपासत होते, काकींनी पाणी ठेवलं होतं. काका डगला चढवून मक्यात गेले. थोड्या वेळाने गडग्यापलीकडून धाकट्याचा आवाज आला. तो आता काठी घेऊन चालायला लागला होता आणि गडग्यापर्यंत आला असावा.

"बा देवा म्हाराजा! पलीकडे जो कोण आसा तेका सांग, यंदा माटवेक तेचो मको बांधूक हरकत नाय. आयेच्या मक्याच्या बाजूक. आयेक राग येवचो नाय, रे म्हाराजा."

काकी फुंकणी हातात घेऊन दारात आल्या. माझ्याकडे पाहून त्या हसल्या. आम्ही दोघी 'व्हय म्हाराजा'ची वाट पाहत राहिलो.

ते आलं नाही. काकी म्हणाल्या, "बघलास मा? इतक्या वर्षांनी कबूल केल्यान, तर आता हे भाव खातले." पलीकडे काठीचा आवाज घराकडे परत गेला. धाकटा रागावला होता. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. एवढं बोललो तरी म्हातारा तोंड उघडत नाही, असं त्याला वाटलं. मग पाणी उकळलं. काकींनी "उकळला हो!" म्हणून हाक मारली. उत्तर आलं नाही, तेव्हा त्या पुन्हा हसल्या. पलीकडे ऐकू जाईल म्हणून आवाज काढत नसतील, त्या म्हणाल्या. पाण्याची वाफ खोलीभर झाली, झाकण वाजायला लागलं. मग त्या परड्यात गेल्या आणि त्यांच्या मागून मी.

काका फणसाच्या खुंटावर बसले होते, मागच्या ताटांवर रेललेले. कणसावरचा मोजा काढून त्यांनी मांडीवर घडी करून ठेवला होता. कणीस ताटावरच होतं. पाणी उकळल्याची हाक त्यांच्यापर्यंत गेली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, फार वेळ लागला नसेल. गाऱ्हाण्याच्या आधी की नंतर, हे कोणालाही सांगता येण्यासारखं नव्हतं.

सुतकाचे दिवस धाकटा आमच्या पडवीत येऊन बसे. सकाळी येई आणि जेवणवेळ झाली तरी उठत नसे. एका दुपारी त्याने मला विचारलं.

"बाई, तुमी हंयच होतात. तेनी व्हय म्हटलेला आयकाक इला तुमका?"

मी नाही म्हटलं. दुसरं काही म्हणता आलं असतं, पण त्याने ते ओळखलं असतं.

"हळू म्हटल्यान आसतला," तो म्हणाला. "पावस होतो."

पाऊस होता हे खरं होतं. भुरभुर पाऊस होता, माणसाचा आवाज बुडेल असा नव्हता. मी वही पुढे ओढली आणि तो गडग्याकडे पाहत राहिला. मला त्याचं दुःख कळत होतं. 'व्हय' न येणं म्हणजे राग, ही भाषा त्या दोघांनीच ठरवली होती. त्या सकाळी तो गडग्यावरून नुसता डोकावला असता तरी त्याला मोज्यांमधला निळा डगला दिसला असता. पण डोकावायचं नाही, हेही ठरलेलंच होतं.

चतुर्थीला गणपती आला. आणायचा की नाही यावर भावकीत बोलणं झालं, काकी म्हणाल्या की आणायचा. धाकट्याने माटवी बांधली. आईची कणसं मधोमध, आणि त्यांच्या बाजूला काकांच्या दुसऱ्या खेपेचं कणीस. तो शिडीवरून उतरला, लांबून पाहिलं, परत चढला आणि दोन्ही कणसं आणखी जवळ ओढून एकाच दोरीने बांधली.

गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्याचा. आता तो धाकट्याकडे आला होता. त्याने नारळावर हात ठेवला, कुळातल्या सगळ्यांची नावं घेतली, पोराबाळांना सुखी ठेवण्याचं मागणं केलं आणि प्रत्येक वेळी पुरुषमंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणाली. मग तो थांबला. देवाकडचं लक्ष काढून त्याने वर माटवीकडे पाहिलं.

"दादा," तो म्हणाला, "तुझो मको बांधलंय."

हे देवाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे यावर काय म्हणायचं ते कोणाला कळेना. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून काकींचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

धाकट्याने नारळ खाली ठेवला.

याला आता काही वर्षं झाली. बदली मागून घेता आली असती, पण मी अजून त्याच दोन खोल्यांत राहते. गडगा आहे. तो जिथे ढासळला होता तिथे आता रोजची वाट पडली आहे. दोन्ही बाजूंचा मका धाकटाच पेरतो, एकाच दिवशी, त्यामुळे तुरे एका वेळी येतात आणि प्रत्येक कणसात दोन्ही दाणे निघतात. मोजे जीर्ण झाले, पोपट खातात ते खातात. काकी आता कणसं आधी काढून आणतात आणि मग पाणी ठेवतात. गोडी थोडी कमी लागते.